मँडोलिनचा खर्ज कुठे गेला?

आमच्या मोहल्ल्यातल्या भजन मंडळात एक काका मँडोलिन वाजवतात. गेल्या गणपतीत त्यांनी बर्डीवरून (नागपूरचा सीताबर्डी बाजार) पिझोची, म्हणजे थरथरीची वीज करणारी पितळी चकती आणली, घोडीजवळ चिकटवली आणि वायर थेट ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये खुपसली. आवाज आला तो बारीक, टिनाच्या डब्यातून आल्यासारखा. “प्रीॲम्प लावून पाहा ना जी काका,” खंजिरीवाला म्हणाला. लावला. आता तोच टिनाचा डबा जोरात वाजू लागला.

प्रीॲम्पचं काम व्होल्टेज वाढवण्याचं. साधा गाण्याचा माइक जेमतेम २-३ मिलिव्होल्ट देतो आणि पुढच्या यंत्राला ०.३ व्होल्टच्या आसपास लागतात. तिथे शंभरपट वाढ हवीच. काकांचं दुखणं वेगळं होतं. मे महिन्यात बारीक एक्स्टेन्शनवर कूलर लावला की त्याच बोर्डावरचा बल्ब मंदावतो ना, तसं. पुरवठा अशक्त, मागणी दांडगी.

अशी चकती म्हणजे सुमारे २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग). ‘ऑक्स’चा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध; तो जितका कमी, तितका चकतीवर भार जास्त) १० किलोओहम धरला, तर दोघं मिळून ८०० हर्ट्झच्या खालचे सूर गाळून टाकतात. मँडोलिनची सर्वांत जाड तार १९६ हर्ट्झची. तिचा मूळ सूर जेमतेम पाव उरतो. त्या स्वस्त प्रीॲम्पचा इनपुटही १० किलोओहमचाच. दारातच सांडलेलं दूध आत कितीही उकळा!

इथे बफर लागतो, म्हणजे आवाज न वाढवता चकतीवरचा भार हलका करणारा मधला टप्पा. (मोबाइलवर व्हिडिओ अडकतो तेव्हाचं ‘बफरिंग’ ते हे नव्हे.) टीएल०७२ ही साधी आयसी घ्यायची, तिचा आउटपुट उलट्या (−) इनपुटला परत जोडायचा, चकती सुलट्या (+) इनपुटला, त्याच इनपुटपासून ४.५ व्होल्टच्या मध्यबिंदूपर्यंत १ मेगाओहमचा रेझिस्टर, आणि ९ व्होल्टचा सेल. एक व्होल्ट आत, एकच बाहेर. वाढ शून्य. पण चकतीवरचा भार शंभरपट हलका झाला आणि गाळणीची सीमा ८०० वरून ८ हर्ट्झवर आली. आपला कान २० च्या खाली ऐकतच नाही.

दुकानातल्या बऱ्याच चांगल्या प्रीॲम्पमध्ये पहिली पायरी अशीच बफरची असते, त्यामुळे नावांचा घोळ होतो. मी तरी डब्यावर किती पट वाढ लिहिलीय ते नंतर बघतो, आधी इनपुट इम्पीडन्स. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी आणखी एक बघावं: बफर वाद्याजवळच हवा. लांब केबल मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास भर घालत वरचे सूर खाते, आणि गेलेले सूर दुसऱ्या टोकाचा बफर परत आणत नाही.

काकांचा खर्ज परत आला. आयसी जेमतेम ३ मिलिअँपिअर खाते, पण काका स्विच बंद करायचं रोज विसरायचे. दहा दिवसांच्या गणपतीत एक सेल काही पुरला नाही.