टॅबलेटवर गणित खरेच शिकता येते का?

आफ्रिकेतील मलावी देशाने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण निःशुल्क केले, तेव्हापासून तेथील पहिली-दुसरीचे वर्ग खच्चून भरलेले असतात. शंभर मुलांच्या वर्गात कोणाचे कोठे अडले आहे हे एकट्या शिक्षकाला कळणे जवळजवळ अशक्य असते. ही उणीव टॅबलेटने भरून निघते का, हे नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ निकोला पिचफोर्ड यांनी मलावीतील एका शहरी शाळेत तपासले आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले.

वापरलेले ॲप ‘वनबिलियन’ या ब्रिटिश संस्थेचे होते. मूल हेडफोन लावते, चिचेवा या आपल्या भाषेत सूचना ऐकते, पडद्यावरच्या वस्तू बोटाने सरकवत मोजते आणि न समजलेली सूचना हवी तितक्यांदा पुन्हा ऐकते.

पहिली ते तिसरीच्या ३१८ मुलांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी झाली. एका गटाला टॅबलेटवर गणिताचे ॲप मिळाले, दुसऱ्याला टॅबलेट मिळाला पण त्यात गणित नव्हते, आणि तिसरा गट नेहमीप्रमाणे शिक्षकांकडून शिकत राहिला. या रचनेतला कळीचा गट दुसरा आहे. तो नसता, तर मुलांची प्रगती ॲपमुळे झाली की नव्या यंत्राच्या अप्रूपामुळे, हे ठरवताच आले नसते. वर्गशिक्षकांनीच आठ आठवडे, दिवसाला सरासरी अर्धा तास हा उपक्रम चालवला.

दुसरी आणि तिसरीत गणिताचे ॲप वापरणारी मुले उरलेल्या दोन्ही गटांच्या स्पष्टपणे पुढे गेली. मला त्याहून मोलाचे वाटते ते तिसरीच्या मुलांचे यश: टॅबलेटवर शिकलेले गणित त्यांना कागद-पेन्सिलनेही सोडवता आले, म्हणजे ते केवळ पडदा हाताळण्यात तरबेज झाले नव्हते. पहिलीच्या मुलांत मात्र असा ठोस फरक आढळला नाही, आणि टॅबलेट खरेदीचा निर्णय घेणाऱ्यांनी हे नजरेआड करू नये.

अर्थात ही एका शाळेतील आठ आठवड्यांची चाचणी होती. पुढे टांझानियाच्या दुर्गम गावांत, जेथे टॅबलेट सौरऊर्जेवर चार्ज करावे लागत, स्वाहिली भाषेतील ॲप्सची सुमारे पंधरा महिने स्पर्धात्मक चाचणी झाली. तिच्या एक कोटी डॉलरच्या मुख्य पारितोषिकात २०१९ मध्ये वनबिलियन आणि ‘किटकिट स्कूल’ हे दोन संघ समान भागीदार ठरले.