बॉक्सचं माप आतलं द्या, बाहेरचं नको

मंडळी, गेल्या दोन-तीन सीझनपासून फोनवर तेच तेच बोलावं लागतंय म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) बॉक्सचं माप आमच्या धंद्यात आतलं धरतात, लांबी, रुंदी, उंची, मिलिमीटरमध्ये. होतं काय, की स्टोअरमधला माणूस जुन्या बॉक्सला बाहेरून टेप लावतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो, "सेम मागच्यासारखा, 800 नग". पाच प्लायची, म्हणजे कागदाच्या पाच पदरांची, भिंत साधारण 6-7 मिमी जाड, म्हणजे लांबी-रुंदीत 12-14 मिमी फरक पडलाच, आणि उंचीत तर वर दोन फ्लॅप, खाली दोन फ्लॅप, तिथे 24-28 मिमी जातात.

गेल्या पावसाळ्यात एका पार्टीचे असेच बॉक्स मोठे झाले. मी स्वतः गेलो, बॉक्स हलवला तर आत व्हॉल्व खडखडत होता, पोरं रद्दी कोंबत बसली होती. वर थर लागला की पोकळ बॉक्स दबतो, त्यात पावसाळी हवेत कागद नरम पडलेला, खालची रांग वाकलीच. शेवटी नुकसान अर्धं-अर्धं वाटून घेतलं, कारण आम्हीही फोनवर परत विचारलं नव्हतं.

तेव्हापासून सॅम्पलवर तुमची सही आल्याशिवाय आम्ही शीट कापत नाही. काहींना वाटतं उगाच एक दिवस घालवतात, पण कापलेला कागद परत लांब होत नाही हो! सॅम्पलचे पैसे घेत नाही, आणि कुपवाड-मिरज एमआयडीसीत असाल तर आमचा माणूस येऊन तुमच्या मालावरच माप घेऊन जाईल, नुसता एक फोन करा. प्रिंटिंगचा स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, आमच्याकडेच जपून ठेवतो, रिपीट ऑर्डरला पुन्हा खर्च नाही.

बेदाण्यावाल्यांनी अंदाज जानेवारीतच कळवा, पक्का नसला तरी चालेल, आम्ही मिलकडे कागद बुक करून ठेवतो, ऐन मार्चमध्ये सगळ्यांना एकदम पेट्या लागतात तेव्हा मग ओढाताण होत नाही.

पेमेंटचं पण मोकळेपणाने बोलतो. आमच्यासारख्या लघुउद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे हा 2006 चा कायदाच आहे, करार नसेल तर 15 दिवस. मिलवाला आमच्यासाठी थांबत नाही. उशीर होणार असेल तर आधी सांगा, मार्ग काढू, पण फोन उचलणं बंद करू नका.

ऑर्डरसोबत आतलं माप, एका बॉक्समधलं वजन आणि बॉक्सचे एकावर एक थर किती लावणार एवढं पाठवा, किती प्लाय आणि कुठला कागद ते आम्ही सुचवतो.