त्राबझोनस्पोर

त्राबझोनस्पोर : तुर्कस्तानच्या ईशान्य भागात काळ्या समुद्राकाठी वसलेल्या त्राबझोन शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. स्थापना 1967 (हे वर्ष वादातीत नाही, खाली पहावे). रंग मरून व निळा. तुर्कस्तानच्या राष्ट्रीय साखळीचे अजिंक्यपद इस्तंबूलबाहेर नेणारा हा पहिला क्लब होय. अधिकृत नोंदीप्रमाणे त्याने साखळीचे अजिंक्यपद 7 वेळा (1975–76, 1976–77, 1978–79, 1979–80, 1980–81, 1983–84 व 2021–22) आणि तुर्की चषक 9 वेळा जिंकला आहे. चाहते त्याला ‘काळ्या समुद्राचे वादळ’ म्हणतात.

पार्श्वभूमी : प्राचीन त्रापेझुस, मध्ययुगात 1461 पर्यंत टिकलेले एक स्वतंत्र ग्रीक साम्राज्य व नंतर उस्मानी बंदर, असा त्राबझोनचा इतिहास आहे. शहराच्या पाठीशी डोंगर आणि पुढ्यात समुद्र. हेझलनट, चहा आणि हिवाळ्यात ‘हाम्सी’ नावाची बारीक मासळी यांवर या किनाऱ्याची गुजराण चालत आली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून येथे फुटबॉल चांगलाच रुजला होता. राष्ट्रीय पातळीवर मात्र त्याला वाट नव्हती. 1959 मध्ये राष्ट्रीय साखळी सुरू झाली तेव्हा तिच्यातील 16 संघांपैकी 8 इस्तंबूलचे, तर अंकारा व इझमीर यांचे प्रत्येकी 4 होते. उरलेल्या अनातोलियाला त्यात जागाच नव्हती.

1963 मध्ये दुसरी श्रेणी सुरू झाली. ओरहान शेरेफ आपाक यांच्या अध्यक्षतेखालील फुटबॉल महासंघाने प्रांतांतील शहरांना सांगितले की, गावातील छोटे क्लब मोडून एकच शहर-क्लब उभा करा, म्हणजे साखळीत प्रवेश मिळेल. बुर्सास्पोर (1963), एस्कीशेहिरस्पोर (1965), सामसुनस्पोर (1965), कायसेरीस्पोर (1966), सिवासस्पोर (1967) हे क्लब याच धोरणातून जन्मले. शहराचे नाव छातीवर आले, तशी शहराशहरांतली चुरसही मैदानात उतरली. सप्टेंबर 1967 मध्ये कायसेरी येथे सिवासविरुद्धच्या सामन्यात उसळलेल्या दंगलीत व चेंगराचेंगरीत 40 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. हे धोरण त्राबझोनमध्ये मात्र सर्वांत कठीण गेले, कारण तेथे जुने क्लब नुसते छोटे क्लब नव्हते.

स्थापनेचा वाद : शहरात दोन मोठे क्लब होते. एक इदमानओजाइ (1921), रंग पिवळा व लाल; दुसरा इदमानग्युज्यु, रंग हिरवा व पांढरा. या दोघांचे वैर इतके मुरलेले होते की, त्याची तुलना इस्तंबूलच्या गालातासराय–फेनरबाहचे या जोडीशी केली जाई. घराणी, दुकाने, कॉफीगृहे यांची वाटणी या दोन क्लबांत झालेली असे. एकत्र या म्हणणे सोपे होते; पण कोणाचे नाव, कोणाचा रंग आणि कोणाचे पदाधिकारी, हे प्रश्न सुटत नव्हते.

एका मताप्रमाणे त्राबझोनस्पोरची स्थापना 21 जून 1966 रोजी झाली. त्या दिवशी इदमानग्युज्यु, कारादेनिझग्युज्यु, मार्तिस्पोर व योलस्पोर हे चार क्लब एकत्र आले आणि त्यांनी त्राबझोनस्पोर हे नाव व लाल-पांढरा रंग घेतला. इदमानओजाइ या विलीनीकरणाबाहेर राहिला. शहराचे नाव आपल्याला वगळून कोणी घ्यावे, हे त्याला मान्य नव्हते. प्रकरण न्यायासनापर्यंत गेले. पुढे बऱ्याच वाटाघाटींनंतर 2 ऑगस्ट 1967 रोजी इदमानओजाइ व इदमानग्युज्यु एका छताखाली आले. कारादेनिझग्युज्यु व मार्तिस्पोर हेही त्यात होते. आज जो क्लब आहे तो हाच. घटक क्लबांच्या याद्या सर्वत्र सारख्या नाहीत. योलस्पोरचा उल्लेख 1966 च्या यादीत येतो, 1967 च्या यादीत बहुधा येत नाही, आणि काही लेखक दोन्ही याद्या एकत्र करून पाच क्लब मोजतात.

1966 हे वर्ष धरणाऱ्यांचा आधार असा की, नाव तेव्हाच आले. परंतु केवळ नावावरून क्लबचे वय ठरवायचे, तर ज्या क्लबाने त्या नावालाच आव्हान दिले त्याला इतिहासातून वगळावे लागते. क्लबच्या बोधचिन्हावर 1967 कोरलेले आहे आणि क्लबचा वर्धापनदिनही 2 ऑगस्टलाच असतो. तेच वर्ष ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक दिसते. 1966 ला पूर्वपीठिका म्हणावे.

रंगांबाबतही एकवाक्यता नाही. मरून व निळा हे दोन्ही प्रमुख घटक क्लबांपैकी कोणाचेच रंग नव्हते, आणि बहुधा म्हणूनच ते निवडले गेले. पिवळा-लाल घेतला असता तर हिरव्या-पांढऱ्यांनी, आणि हिरवा-पांढरा घेतला असता तर पिवळ्या-लालांनी पाठ फिरवली असती. निळा म्हणजे समुद्र, हा अर्थ चाहते लावतात. तो आकर्षक असला, तरी तडजोडीचे स्पष्टीकरण अधिक विश्वसनीय वाटते.

सुवर्णकाळ (1975–84) : दुसऱ्या श्रेणीत सात हंगाम काढून 1974 मध्ये संघ पहिल्या श्रेणीत आला आणि दुसऱ्याच हंगामात, म्हणजे 1975–76 मध्ये, अजिंक्य ठरला. याआधी एस्कीशेहिरस्पोर तीनदा (1968–69, 1969–70, 1971–72) उपविजेता राहिला होता. परंतु इस्तंबूलची मक्तेदारी मोडणे त्याला जमले नव्हते. 1975–76 ते 1983–84 या नऊ हंगामांत त्राबझोनस्पोर सहा वेळा विजेता आणि तीन वेळा (1977–78, 1981–82, 1982–83) उपविजेता ठरला. दुसऱ्या क्रमांकाखाली तो या काळात एकदाही घसरला नाही. सहापैकी चार जेतेपदे अहमत सुआत ओझयाझजी यांच्या, तर दोन (1978–79 व 1980–81) ओझकान स्युमेर यांच्या प्रशिक्षणाखाली आली. दोघेही त्राबझोनचेच. खेळाडूही बहुतेक शहरातले किंवा आसपासच्या किनाऱ्यावरचे होते : गोलरक्षक शेनोल ग्युनेश, ‘डोझर’ या टोपणनावाने ओळखला जाणारा जेमिल उस्ता, तुरगाय सेमेर्जिओलू, नेजाती ओझचालायान, आली केमाल देनिझजी आणि 1976–77 मध्ये 18 गोलांसह साखळीत सर्वाधिक गोल करणारा नेजमी पेरेकली. खेळ बचावावर उभा होता. गोल फार नसत, पण या संघावर गोल चढवणे त्याहून अवघड असे.

या यशाची कारणे वेगवेगळी दिली जातात. घरच्या खेळाडूंची एकजूट हे चाहत्यांचे आवडते कारण आहे. दुसरे कारण आर्थिक : 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तुर्कस्तानात परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. अशा वेळी इस्तंबूलच्या श्रीमंत क्लबांना पैशाच्या जोरावर फार पुढे जाता येत नव्हते आणि चांगली स्थानिक पिढी हाती असलेल्या शहराला संधी मिळाली. 1980 नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, पुढे दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि ही संधी मिटत गेली, हा क्रम पाहता दुसऱ्या कारणाला अधिक वजन द्यावेसे वाटते. मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण तीच टंचाई इतर प्रांतिक शहरांनाही होती आणि तेथे असे काही घडले नाही. इदमानओजाइ–इदमानग्युज्यु वैराने अर्धशतकभर शहरात जी खेळाची मशागत केली, तिचे हे पीक असावे.

यूरोपीय स्पर्धांत क्लब फार लांब गेला नाही. लक्षात राहिले ते घरचे काही सामने. 20 ऑक्टोबर 1976 रोजी यूरोपियन चषकात त्याने लिव्हरपूलला 1–0 असे हरवले. गोल जेमिल उस्ताने पेनल्टीवर केला. परतीच्या सामन्यात लिव्हरपूलने 3–0 ने बाजी उलटवली आणि त्या हंगामात तो चषकही जिंकला. 1990 मध्ये बार्सिलोनाला त्राबझोनमध्ये 1–0 असा पराभव पत्करावा लागला. बार्सिलोनात मात्र निकाल 7–2 असा लागला. 1994 मध्ये ॲस्टन व्हिला हा इंग्लिश क्लब परक्या मैदानावरील गोलांच्या नियमाने (दोन सामन्यांतील एकूण गोल समान असल्यास परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे जाई) बाद झाला. योगायोग असा की, त्याचेही रंग मरून व निळेच.

दीर्घ प्रतीक्षा (1984–2022) : 1984 नंतर साखळीचे अजिंक्यपद 38 वर्षे आले नाही. चषक येत राहिले (1992, 1995, 2003, 2004, 2010, 2020). हामी मांदिराली, ओग्युन तेमिझकानोलू, अब्दुल्लाह एर्जान आणि जॉर्जियाचा शोता आर्वेलाद्झे यांचा 1990 च्या दशकातील संघ अनेकांच्या मते सुवर्णकाळातील संघापेक्षाही देखणा खेळत असे. मे 1996 मध्ये घरच्या मैदानावर फेनरबाहचेकडून 1–2 असा पराभव झाला आणि हाती आलेले जेतेपद दोन गुणांनी गेले. फेनरबाहचेचे 84 व त्राबझोनस्पोरचे 82 गुण झाले. त्या हंगामात शोताने 25 गोल करून साखळीत अव्वल स्थान मिळवले होते. पुढे 2004–05 मध्ये फातिह तेक्केने 31 गोल केले, तरीही संघ दुसराच राहिला.

फेनरबाहचेशी असलेल्या वैराचा हिशेब उलट्या बाजूनेही मांडता येतो. 16 मे 2010 रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, शेनोल ग्युनेश यांच्या त्राबझोनस्पोरने इस्तंबूलमध्ये फेनरबाहचेला 1–1 असे रोखले. त्याच वेळी बुर्सास्पोरने बेशिक्ताशला 2–1 ने हरवले. फेनरबाहचेच्या स्टेडियममध्ये बुर्साचा सामना बरोबरीत सुटल्याची चुकीची घोषणा झाली, प्रेक्षक नाचत मैदानात घुसले, आणि जेतेपद बुर्साला गेल्याचे त्यांना नंतर कळले. इस्तंबूलबाहेरील दुसऱ्या विजेत्याच्या जन्माला पहिल्या विजेत्याचा असा हातभार लागला.

2010–11 चे जेतेपद : त्या हंगामाअखेर फेनरबाहचे व त्राबझोनस्पोर या दोघांचे 82 गुण झाले. परस्परांतील सामन्यांत फेनरबाहचेचे पारडे जड होते (घरी 2–0, त्राबझोनमध्ये 2–3), त्यामुळे जेतेपद त्याला मिळाले. 3 जुलै 2011 रोजी सामनेनिश्चितीच्या आरोपांवरून पोलिसांनी धरपकड सुरू केली व फेनरबाहचेचे अध्यक्ष अझीझ यिल्दिरिम यांना अटक झाली. ऑगस्टमध्ये महासंघाने फेनरबाहचेला चॅम्पियन्स लीग या यूरोपातील सर्वोच्च क्लब-स्पर्धेतून मागे घेतले. त्राबझोनस्पोर पात्रता फेरीत बेन्फिकाकडून आधीच बाद झाला होता आणि यूरोपातील दुय्यम क्लब-स्पर्धेत अथलेटिक बिल्बाओशी पहिला सामनाही खेळला होता. त्याला उचलून चॅम्पियन्स लीगच्या गटात बसवण्यात आले. पहिल्याच सामन्यात, 14 सप्टेंबर 2011 रोजी, त्याने मिलानमध्ये इंटरला ओंद्रेय चेलुस्त्काच्या गोलवर 1–0 ने हरवले.

यिल्दिरिम 2012 मध्ये दोषी ठरले आणि पुनर्खटल्यात 2015 मध्ये निर्दोष सुटले. हे प्रकरण पोलीस व न्याययंत्रणेतील गुलेन गटाने (धर्मगुरू फेतुल्लाह गुलेन यांच्या अनुयायांनी) रचले, असा फेनरबाहचेचा दावा आहे. दुसरीकडे यूरोपीय महासंघाने 2013 मध्ये फेनरबाहचेवर दोन हंगामांची बंदी घातली व क्रीडा लवादाने ती कायम केली. 2010–11 चे जेतेपद आपल्याला मिळावे यासाठी त्राबझोनस्पोरने तुर्की महासंघ, यूरोपीय महासंघ आणि लवाद या सर्वांकडे दाद मागितली. ती कोठेही मान्य झाली नाही. त्यामुळे नोंदवहीत 2010–11 चा विजेता फेनरबाहचेच आहे आणि प्रस्तुत नोंदीतही जेतेपदे सातच धरली आहेत. त्राबझोनमधील अनेक चाहते आठ मोजतात.

या प्रकरणाने पंच व महासंघ यांच्याविषयीचा अविश्वास टोकाला गेला. ऑक्टोबर 2015 मध्ये गाझियानतेपस्पोरशी झालेल्या सामन्यानंतर क्लबचे तत्कालीन अध्यक्ष इब्राहिम हाजिओस्मानोलू यांनी पंचांना स्टेडियमबाहेर पडू दिले नाही. कित्येक तासांनी, राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या दूरध्वनीनंतर, त्यांची सुटका झाली. (हेच हाजिओस्मानोलू 2024 मध्ये महासंघाचे अध्यक्ष झाले.) फेब्रुवारी 2016 मध्ये गालातासरायविरुद्ध सहकाऱ्याला बाहेर काढल्यावर सालिह दुरसुनने पंचांच्या हातातले लाल कार्ड घेऊन पंचांनाच दाखवले. अर्थातच तोही बाहेर गेला. संघाने सामना सात खेळाडूंनिशी संपवला. त्राबझोनमध्ये दुरसुन रातोरात वीर ठरला.

2021–22 व नंतर : अब्दुल्लाह आवजी यांच्या संघाने 30 एप्रिल 2022 रोजी अंताल्यास्पोरशी 2–2 अशी बरोबरी साधून जेतेपद निश्चित केले. कर्णधार व गोलरक्षक उउरजान चाकिर सोडल्यास या संघाचा कणा परदेशी होता : स्लोव्हाकियाचा मारेक हाम्शिक, ग्रीसचा बाकासेतास, नायजेरियाचा न्वाकाएमे, डेन्मार्कचा कोर्नेलियुस. 1976 च्या घरच्या संघाशी त्याचे साम्य रंगांपुरतेच होते. त्याआधी 2020 मध्ये आर्थिक शिस्तीचे नियम मोडल्याबद्दल क्लबला यूरोपीय स्पर्धांतून एका हंगामाची बंदी भोगावी लागली होती. मार्च 2024 मध्ये फेनरबाहचेने 3–2 असा विजय मिळवल्यावर प्रेक्षक मैदानात घुसून खेळाडूंवर धावले आणि क्लबला प्रेक्षकांविना सामने खेळण्याची शिक्षा झाली.

मैदान व चाहते : 1951 पासून वापरात असलेले ह्युसेयिन आवनी आकेर स्टेडियम सोडून क्लब 2017 मध्ये आक्याझी येथे समुद्रात भराव घालून बांधलेल्या, सुमारे 41,000 क्षमतेच्या स्टेडियममध्ये आला. या क्रीडासंकुलाला शेनोल ग्युनेश यांचे नाव आहे. त्यांच्याच प्रशिक्षणाखाली तुर्कस्तानने 2002 च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवले होते. जेमिल उस्ता यांचे नाव 2019–20 च्या संपूर्ण साखळी हंगामाला देण्यात आले. त्राबझोन प्रांताच्या वाहन-नोंदणीचा क्रमांक 61 असल्याने सामन्याच्या 61 व्या मिनिटाला प्रेक्षक एकच जल्लोष करतात, आणि 61 क्रमांकाची जर्सी संघात मानाची समजली जाते. कामधंद्यासाठी इस्तंबूलला व जर्मनीला गेलेल्या काळ्या समुद्राकाठच्या कुटुंबांमुळे क्लबचा चाहतावर्ग शहराच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मार्च 2025 मध्ये फातिह तेक्के प्रशिक्षक म्हणून परतले. त्याच वर्षी मे महिन्यात तुर्की चषकाच्या अंतिम सामन्यात गालातासरायने संघाला 3–0 असे हरवले. एप्रिलमध्ये क्लबच्या 19 वर्षांखालील संघाने यूरोपीय युवा लीगची अंतिम फेरी गाठली होती. तीत बार्सिलोनाने त्याच्यावर 4–1 अशी मात केली.