देसा (इंडोनेशियातील खेडेगाव)

देसा : इंडोनेशियातील खेडे आणि तेथील ग्रामीण कारभाराचा सर्वांत खालचा कायदेशीर घटक. शब्द संस्कृत ‘देश’चाच. आपल्याकडे तो फुगत फुगत घाटमाथ्यावरचा मुलूख आणि पुढे राष्ट्र झाला. जावा बेटावर तो गावाएवढाच राहिला. गावच्या प्रमुखाला ‘कपाला देसा’ म्हणतात. त्यातला ‘कपाला’ म्हणजे डोके, आपल्या कपाळाचाच भाऊबंद. रहिवासी म्हणजे ‘वार्गा’, मुळात वर्ग. शब्द असे ओळखीचे निघत गेल्याने मराठी वाचकाला हे गाव आपलेच वाटू लागते. एक गोष्ट मात्र आधी ध्यानात घ्यावी लागते : इथे जमीन, सुरक्षितता आणि ये-जा या तिन्ही गोष्टींत सरकारी कागदाच्या आधी शेजाऱ्याची ओळख लागते.

देशात सुमारे ७५,००० देसा आहेत. सगळीकडे नाव हेच नाही. पश्चिम सुमात्रात नागारी, आचेमध्ये गाम्पोंग, तोराजा भागात लेंबांग, पापुआत काम्पुंग, तर योग्याकार्ता प्रांतात अलीकडे कालुराहान. लष्करशहा सुहार्तोच्या राजवटीने १९७९ च्या कायद्याने या सगळ्यांवर जावातला साचा बसवला होता. १९९८ मध्ये ती राजवट गेल्यावर जुनी नावे परत आली. २०१४ च्या ग्राम कायद्याने गावाला स्वतःचे अंदाजपत्रक दिले आणि २०१५ पासून केंद्राचा पैसा ‘दाना देसा’ या नावाने येऊ लागला. पहिल्या वर्षी तो सुमारे २० लाख कोटी रुपिया होता, दोन-तीन वर्षांतच ६० लाख कोटींवर गेला. (आकड्याने दचकू नये, एका रुपयात दीड-दोनशे रुपिया येतात.) गावच्या कचेरीबाहेर जमाखर्चाचा भला मोठा रंगीत फलक लावलेला असतो, त्यावर प्रमुखाचा हसरा फोटो असतोच. फलक असूनही अपहाराचे खटले थांबलेले नाहीत. प्रमुख मतदानाने निवडला जातो. त्याची मुदत सहा वर्षांची होती. ती वाढवून मिळावी म्हणून २०२३ च्या जानेवारीत देशभरचे गावप्रमुख राजधानी जाकार्तात मोर्चाला उतरले आणि २०२४ च्या दुरुस्तीने ती आठ वर्षे झाली.

पुढील वर्णन मुख्यतः मध्य जावा आणि योग्याकार्ता भागातील गावांचे आहे. देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या जावावरच राहते.

शेजार

एका देसात अनेक दुसुन, म्हणजे वाड्या असतात. वाडीच्या खालीही एक पायरी आहे, आणि रोजच्या जगण्यात तीच सर्वांत महत्त्वाची : ‘रुकुन तेतांगा’. शब्दशः अर्थ ‘शेजाऱ्यांचा सलोखा’, बोलण्यात नुसते ‘एर-ते’. तीस-चाळीस घरांचा हा गट दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने जावावर आणला. जपानातल्या शेजारगटांची ती नक्कल होती. धान्यवाटप करायचे आणि लोकांवर नजर ठेवायची हा तिचा हेतू. जपानी १९४५ मध्ये गेले, गट राहिला. त्याच्या म्होरक्याला सगळे ‘पाक एर-ते’ म्हणतात; ‘पाक’ म्हणजे बाप, आदराने घातलेला. शेजारीच त्याला निवडतात, पगार म्हणावा असे काही मिळत नाही, पण ओळखपत्र काढायचे असो, लग्न नोंदवायचे असो की पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा असो, पहिली चिठ्ठी त्याच्या ओसरीवरून निघते.

गावातले काम ‘गोतोंग-रोयोंग’ने होते, म्हणजे सगळ्यांनी मिळून, विनामोबदला. रविवारी सकाळी गटारे उपसणे, रस्त्याकडेचे गवत कापणे, कोणाच्या घराचे छप्पर चढवणे. लग्नघरी आदल्या दोन-तीन दिवसांपासून आळीतल्या बायका भाज्या चिरायला, नारळ खवायला जमतात. याला ‘रेवांग’ म्हणतात आणि जी येत नाही तिच्या घरच्या कार्याला कोण येणार, हे सांगावे लागत नाही. पाहुणे पाकिटातून पैसे देतात. पाकिटावर नाव असते, घरमालक ते वहीत उतरवून ठेवतो आणि त्या घरी कार्य निघाले की वही बघून तेवढेच परत करतो. आपल्याकडची आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापुढे समजावण्याची गरज नाही. बाळंतपण, सुंता, नवे घर, मृत्यूनंतरचा सातवा, चाळिसावा, शंभरावा, हजारावा दिवस, या प्रत्येकाला ‘स्लामेतान’ होतो : पुरुष चटईवर बसतात, दुवा म्हटली जाते, थोडे तिथे खाऊन बाकी जेवण डब्यात घालून घरी नेले जाते.

जावात सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचाही एक आठवडा चालतो : लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. अनेक गावांचा बाजार सोमवारी किंवा मंगळवारी न भरता ‘पोन’ला किंवा ‘लेगी’ला भरतो. दोन्ही आठवड्यांचा मेळ घालून माणसाचा जन्मवार ठरतो आणि लग्न जुळवताना वडीलधारे तो आधी बघतात.

जमीन आणि घर

‘हाक मिलिक’ हा इंडोनेशियातला जमिनीवरचा सर्वांत पक्का अधिकार. दोन्ही शब्द अरबी. ‘हाक’ म्हणजे आपला हक्कच, आणि ‘मिलिक’ आपल्या मिल्कियतीचा सख्खा. २४ सप्टेंबर १९६० च्या मूलभूत कृषी कायद्याने तो फक्त इंडोनेशियन नागरिकाला ठेवला. परदेशी माणसाला मुदतीचा वापरहक्क मिळू शकतो, मालकी नाही. म्हणून बालीत आणि इतरत्र ओळखीच्या स्थानिकाच्या नावावर जमीन घ्यायची आणि मागे खासगी करार करून ठेवायचा अशी वाट निघाली. दलाल ती नेहमीची असल्यासारखी सांगतात. पण याच कायद्याच्या २६ व्या कलमानुसार मालकी परदेशी माणसाकडे नेणारा असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. परदेशी नवरा किंवा बायको असलेल्या नागरिकाचीही यात अडचण होत असे, कारण लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची धरली जाई. २०१६ मध्ये घटना न्यायालयाने लग्नानंतरही वेगळ्या मालमत्तेचा करार करायची मुभा दिली.

नागरिकालाही मर्यादा आहेत. १९६० च्या दशकारंभीच्या नियमांनुसार शेतजमिनीच्या मालकाने जमीन असेल त्याच तालुक्यात राहावे अशी अपेक्षा आहे. शहरात बसून गावची शेती धरू नये हा उद्देश. नियम आहे, पाळला जातोच असे नाही. योग्याकार्तात चिनी वंशाच्या नागरिकांना मालकी हक्क नाकारणारा १९७५ चा आदेश तर अजून वादाचा विषय आहे. बाकी बहुतेकांचे प्रश्न छोटे असतात, कारण जमीनच छोटी : जावातल्या असंख्य कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरहूनही कमी भातशेती आहे. दुसऱ्याची कसली तर पीक निम्मे-निम्मे (मारो) किंवा एकतृतीयांश (मर्तेलू) अशी वाटणी होते. वारसात मुलगा-मुलगी समान, किंवा जुन्या म्हणीप्रमाणे ‘स-पिकुल स-गेंदोंगान’ : पुरुष कावडीवर दोन टोपल्या वाहतो, बाई पाठीवर एक, म्हणून दोनास एक. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊंकडे नेमके उलटे. वडिलोपार्जित घर आणि शेत आईकडून मुलीकडे जाते.

कागदाचा घोळ इथेही आहे. पिढ्यान्‌पिढ्या पुरावा म्हणून दाखवला जातो तो ‘लेटर सी’, कचेरीतल्या जाड वहीतला उतारा. त्यात नाव, तुकडा, जमिनीची प्रत आणि कर असतो. तो करासाठीचा दस्त आहे, मालकीचा नाही. आपल्या सातबाऱ्याबद्दलही न्यायालये हेच सांगत आली आहेत, आणि तिथेही लोकांना ते पटत नाही. २०१७ पासून सरकारने गावेच्या गावे एकदम मोजून प्रमाणपत्रे देण्याची मोहीम चालवली. मोजणीच्या वेळी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांनी हद्द मान्य करावी लागते. एकाने नकार दिला की तुकडा अडकतो. म्हणून भूमापकाआधी लोक शेजाऱ्याच्या दारात जातात, चहा घेतात आणि केळीच्या कोणत्या खुंटापासून हद्द धरायची ते ठरवतात.

गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली जमीन म्हणजे ‘ताना बेंगकोक’. पद छोटे-मोठे तशी भातखाचरे कमी-जास्त. पद गेले की जमीन गावाकडे परत. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाशी तिची तुलना सुचते, पण ती वंशपरंपरागत नाही, हा फरक लहान नाही. आता अधिकाऱ्यांना रोख मानधनही मिळते, तरी मध्य जावात बेंगकोक बऱ्याच ठिकाणी टिकून आहे.

रात्रीची राखण

पोलीस ठाणे तालुक्याला असते. गावाची राखण गावच करते, तिला ‘रोंदा’ म्हणतात. हा पोर्तुगीज शब्द. गस्तीसाठी मराठीत असलेला ‘रोंद’ त्याचाच. वाडीच्या तोंडाशी एक चौथरा, वर कौले, एक दिवा, बुद्धिबळाचा पट किंवा पत्ते : ही रोंदाची चौकी. घरटी एक पुरुष आठवड्यातून एकदा पाळीने येतो.

पहाऱ्याचा खरा कणा ‘जिम्पितान’ आहे. ‘जिम्पित’ म्हणजे चिमूट. प्रत्येक घराच्या दाराशी खिळ्याला एक छोटा डबा टांगलेला असतो, कधी पत्र्याचा, कधी कापलेल्या पाण्याच्या बाटलीचा. पूर्वी त्यात मूठभर तांदूळ ठेवत, आता पाचशे रुपियाचे नाणे. राखणदार मध्यरात्रीनंतर बॅटरी घेऊन डबा-डबा रिकामा करत फिरतात. जमलेल्या पैशातून रस्त्याचे दिवे, खुर्च्या-मांडव, आजाऱ्याला मदत होते. पण पैसा हे निमित्त. नाणे घ्यायला प्रत्येक दारापर्यंत जावेच लागते, त्यामुळे फेरी चुकवता येत नाही. आणि दोन रात्री डबा रिकामा दिसला की सकाळी कोणीतरी विचारायला येते : घरी कोणी आजारी आहे का, गावाला गेले का? पाचशे रुपियात यापेक्षा स्वस्त देखरेख कुठे मिळत नसेल.

इशाऱ्याला ‘केंतोंगान’ असते : बांबूचे किंवा फणसाच्या लाकडाचे पोकळ नळकांडे, मधोमध चीर. ठोके ठरलेले असतात आणि चौकीत त्यांचा तक्ता लावलेला असतो. बऱ्याच ठिकाणी सुटे एक-एक ठोके म्हणजे खून, दोन-दोन म्हणजे चोरी, तीन-तीन आग, चार-चार पूर-भूकंप, पाच-पाच जनावरांची चोरी. सगळे ठीक असले की ‘दोरो मुलुक’, उडते कबूतर : एक ठोका, मग घाईघाईने अनेक, मग पुन्हा एक. आजकाल पहिली खबर मोबाइलवरच्या गटात जाते, तरी केंतोंगान उतरवलेले नाही.

या जागेपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सापडलेल्या चोराला पोलीस येईपर्यंत जमावाने बेदम मारल्याच्या, कधी जिवे मारल्याच्या घटना घडतात. १९९८ मध्ये पूर्व जावातील बान्युवांगी भागात करणी करतात या संशयावरून अनेकांचे खून पडले. अविवाहित जोडप्याच्या खोलीवर शेजाऱ्यांनी धाड घालणे हेही याच नजरेचे काम.

चोरापेक्षा डोंगराची भीती खरी मोठी. मेरापी ज्वालामुखीच्या २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. पर्वताचा राखणदार म्हणून योग्याकार्ताच्या सुलतानाने नेमलेले म्बाह मारिजान किनाहरेजो वस्ती सोडायला तयार झाले नाहीत, तेही २६ ऑक्टोबरला त्यात गेले. छावणीत आणलेले लोक गायींना वैरण घालायला पुन्हा वर जात, ही त्या वेळची मोठी डोकेदुखी होती. नंतर मागेलांग जिल्ह्याने ‘बहीण-गावे’ ठरवली : धोक्यातल्या प्रत्येक गावाला खालचे एक ठरलेले गाव, कोणी कुठे उतरायचे आणि जनावरे कुठे बांधायची हे आधीच पक्के.

येणे-जाणे

वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. शहरापर्यंत रेल्वे किंवा बस, पुढे तालुक्यापर्यंत छोटी सहाआसनी-दहाआसनी गाडी, आणि शेवटचे काही किलोमीटर ‘ओजेक’, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. हप्त्यावर दुचाकी मिळू लागल्यापासून गावगाड्या आटल्या आहेत; दुपारनंतर त्यांच्या भरवशावर राहू नये. पेट्रोल रस्त्याकडेच्या दुकानात काचेच्या बाटल्यांत मिळते किंवा ‘पर्तामिनी’ नावाच्या हातपंपावर. सरकारी कंपनी ‘पर्तामिना’, म्हणून ही तिची चिमुकली.

गल्लीतला गतिरोधक रहिवासीच सिमेंट ओतून बनवतात. त्याचे नाव ‘पोलिसी तिदुर’, झोपलेला पोलीस. शेजारी पाटी : ‘ङबुत, बेन्जुत’, पळवाल तर टेंगूळ. रात्री वाडीच्या तोंडावर आडवा बांबू पडतो आणि उशिरा येणाऱ्याला चौकीतल्या माणसाला हाक मारावी लागते.

रमजान ईदला, म्हणजे लेबारानला, शहरातले कोट्यवधी लोक गावी येतात; हा ‘मुदिक’. त्या आठवड्यात तिकीट मिळत नाही, जावाचे महामार्ग तुंबतात, आणि एरवी म्हातारी माणसे व नातवंडे एवढीच राहिलेली घरे भरून जातात. त्या नातवंडांच्या आया बऱ्याचदा हाँगकाँग, तैवान किंवा मलेशियात घरकामाला असतात; फरशी लावलेली, रंगीत खांबांची नवी घरे त्यांच्याच पैशांची.

भारतीय प्रवाशाला विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. पर्यटनासाठी नावारूपाला आलेली गावे आहेत : जागतिक पर्यटन संघटनेने गौरवलेली न्ग्लांगेरान (२०२१) आणि बालीतले पेंगलिपुरान (२०२३). तिथे राहण्याची सोय लावलेलीच असते. साध्या गावात मुक्काम असेल तर चौकातली पाटी वाचावी : ‘पाहुण्याने २४ तासांच्या आत कळवावे’. यजमान पासपोर्टची प्रत घेऊन पाहुण्याला पाक एर-तेकडे नेतो. ते नाव वहीत लिहितात, स्पेलिंग चुकते, गोड काळा चहा येतो, किती मुले, नवरा काय करतो हे विचारून होते. रात्री चौकीवरून परतताना नाव घेऊन हाक आली तर घाबरायचे कारण नाही.