मुंबईने सोडलेला प्रशिक्षक

नाशिककरांसाठी महिंद्रा म्हणजे सातपूरचा कारखाना, शिफ्टच्या बसगाड्या आणि बोलेरो. याच कंपनीचा एक फुटबॉल संघ होता आणि २००५-०६ मध्ये त्याने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती, हे आता मुद्दाम सांगावं लागतं. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक झालेला खालिद जमील मूळचा या महिंद्रा युनायटेडचाच मिडफिल्डर.

जन्म १९७७ चा, कुवेतमधला. महिंद्रा, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा असा प्रवास झाला. दुखापतींनी मात्र पाठ सोडली नाही. शेवटचा मुक्काम मुंबई एफसी. २००९ मध्ये तिथेच प्रशिक्षकपद मिळालं, तेव्हा वय जेमतेम बत्तीस.

त्याची खरी शाळा हीच. हाताशी पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू परवडणारे नाहीत. मग आधी बचाव घट्ट करायचा, गोल खायचा नाही, एकेक गुण जमवत वरच्या श्रेणीत टिकून राहायचं. कंटाळवाणा खेळ म्हणून नाकं मुरडली गेली, पण सात वर्षं संघ खाली घसरला नाही. २०१६ मध्ये क्लबने त्याला निरोप दिला.

तो गेला आयझॉलला. मिझोरमचा हा संघ आदल्या हंगामात आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर फेकला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. जमीलने जयेश राणे, आशुतोष मेहता असे ओळखीचे खेळाडू सोबत नेले, सीरियाचा अल-अमना मधल्या फळीत उभा केला. २२ एप्रिल २०१७ ला आयझॉलमध्ये मोहन बागानशी गाठ पडली. ८३व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्तेने गोल केला, १-०. आठवड्याने शिलाँगला लाजाँग संघाशी बरोबरी झाली तरी विजेतेपदाला पुरेशी होती. लाजाँगने आधी गोल चढवला, तो ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने फेडला. १८ सामन्यांत ३७ गुण, बागानचे ३६. ईशान्येत राष्ट्रीय लीगचं विजेतेपद पहिल्यांदाच आलं. याला चमत्कार म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण सात वर्षं एकेका गुणासाठी झगडलेल्या माणसाने ती लीग एका गुणानेच जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिली.

पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान झाले. तिथे फारसं जमलं नाही. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची धुरा हंगामाच्या मध्यावर हाती आली, तरी संघ इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत गेला. भारतीय प्रशिक्षकाने तिथवर मजल मारण्याची ती पहिलीच वेळ. नंतर जमशेदपूरलाही त्याने २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरी गाठून दिली.

राष्ट्रीय संघाबरोबर सुरुवात झकास झाली: मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक. ऑक्टोबरमध्ये मात्र गोव्यात सिंगापूरकडून १-२ हार झाली आणि आशिया कपची वाट बंद झाली. क्लबात रोज सकाळी खेळाडू समोर असतात. राष्ट्रीय संघात ते चार दिवसांसाठी येतात, आणि जमीलची पद्धत चार दिवसांत बसणारी नाही.