नाममुद्रा (बेळगाव सीमाभाग)

पद्याच्या शेवटी कवी स्वतःचे किंवा आपल्या दैवताचे नाव गुंफतो, ती नाममुद्रा. मराठीत तिला मुद्रिका, भणिता असेही म्हणतात, कन्नडमध्ये अंकित. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अभंग आणि वचने (कन्नड शिवभक्तांच्या छोट्या रचना) दोन्ही कानांवर पडतात, त्यामुळे ओळ कोणाची हे ओळखण्याच्या दोन रीती इथे शेजारी नांदतात.

अभंगात बहुधा कवी स्वतःच बोलतो : ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’. एकनाथ ‘एका जनार्दनी’ म्हणत गुरूलाही सोबत घेतात; तुकारामांचे धाकटे भाऊ कान्होबा ‘तुकयाबंधु’ एवढ्यावरच भागवतात. बाराव्या शतकातील वचनकारांचे तसे नाही. ते दैवताला हाक मारतात आणि तीच सही ठरते. ‘कूडलसंगमदेव’ आले की वचन बसवण्णांचे, ‘चेन्नमल्लिकार्जुन’ असेल तर अक्कमहादेवींचे, ‘गुहेश्वर’ म्हणजे अल्लमप्रभू. या जोड्या पाठ नसतील तर ऐकणारा देवालाच कवी समजायचा.

ज्ञानदेवांकडे दोन्ही रीती दिसतात. ‘ज्ञानदेव म्हणे’ आहेच, पण ‘बापरखुमादेवीवरु’ (रखुमाईचा वर, म्हणजे विठ्ठल) ही मुद्रा थेट कानडी वळणाची वाटते. ‘कानडा वो विठ्ठलु करनाटकु’ ही ओळ ज्या अभंगात आहे, त्याच्या शेवटी हीच मुद्रा आहे. गंमत अशी की ही ओळ सर्वांना ठाऊक असली तरी गाथेच्या चरणसूचीत ‘क’खाली शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, अभंग सुरू होतो ‘पांडुरंगकांती’पासून. सूचीत शोधायचे तर पहिला चरण हवा, आणि कवी कळायला शेवटचा. नेमके मधलेच तोंडी असते.

मुद्रा म्हणजे पुरावा नव्हे. ‘नामा’ या मुद्रेखाली संत नामदेवांच्या रचनांत नंतरच्या विष्णुदास नामाचीही पदे मिसळली आहेत. तुकारामांच्या नावावर तर कोणीही ‘तुका म्हणे’ जोडून अभंग खपवावा. भजनाच्या वहीत हा घोळ आणखी वाढतो. एकाच्या वहीवरून दुसऱ्याने उतरवताना पान फाटलेले असते, शेवटचे कडवे गळते. मग बुवा चालीवरून अंदाजाने नाव लावतात आणि पुढच्या वहीत तो अंदाजच पक्का होतो. अशा वेळी भाषा, जुनी रूपे आणि छापील गाथांतील पाठभेद ताडून पाहावे लागतात. चाल हा सर्वांत कच्चा आधार, कारण एका चालीवर दहा जणांचे अभंग बसतात.

आधुनिक कवितेत मुद्रा उरली नाही. बेळगावात दीर्घकाळ राहिलेल्या इंदिरा संत यांचा पहिला संग्रह ‘सहवास’ (1940) हा पती ना. मा. संत यांच्यासह काढलेला. त्यातली एखादी सुटी ओळ कोणाला आठवली, तर ती दोघांपैकी कोणाची हे सांगणारा ‘म्हणे’ तिच्या शेवटी नाही. पुस्तकच उघडावे लागते.