तडकलेले बीड सांधताना

जुन्या यंत्राच्या दुरुस्तीत गंजून बसलेला बोल्ट किंवा झिजलेले बेअरिंग वेळ खाते, पण डोके फारसे खात नाही. दुरुस्ती करणाऱ्याचा खरा कस लागतो तो बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागाला तडा गेल्यावर. लिस्टर धाटणीच्या, मिनिटाला ६५० फेरे घेणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनाचे उदाहरण घेऊ. चालत्या इंजिनातले पाणी आटते, ते ध्यानात आल्यावर कोणीतरी घाईने विहिरीचे गार पाणी तापलेल्या भागावर ओततो आणि सिलिंडरभोवतीच्या जॅकेटला, म्हणजे पाणी खेळणाऱ्या कवचाला, बारीक चीर पडते. मग वेल्डिंगचा साधा रॉड लावून ती भरली जाते. टाका दिसायला झकास बसतो, पण तो निवत असताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि जुन्या चिरेला लागूनच नवी चीर उभी राहते. दोष वेल्डरच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा तो अन्यायच असतो, कारण तो टाका का टिकला नाही याचे उत्तर बिडाच्या अंतरंगात असते.

साध्या पोलादात कर्बाचे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास असते, तर बिडात ते अडीच ते चार टक्के असते आणि त्याच्या जोडीला एक ते तीन टक्के सिलिकॉन असते. एवढा कर्ब घन लोखंडात मावत नाही. रस साच्यात सावकाश थंड होताना तो ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर पडतो. या पापुद्र्यांमुळेच बीड ड्रिलखाली भुग्यासारखे सहज कापले जाते, घासणाऱ्या पृष्ठभागाला थोडे वंगण मिळते आणि यंत्राची थरथर आतल्या आत जिरते. लेथचा पाया अजूनही बिडाचाच ओततात त्यामागे हेच कारण आहे. मात्र प्रत्येक पापुद्रा ही धातूच्या पोटातली एक तयार खाच असते. दाबाखाली या खाचा मिटतात, ताणाखाली त्या उघडतात. म्हणून बीड ताणापेक्षा तीन-चार पट अधिक दाब सोसते, पण ओढले की एक टक्कासुद्धा न लांबता तुटते. साधे पोलाद मात्र तुटण्यापूर्वी वीस टक्क्यांहून अधिक लांबू शकते.

आता टाक्याचा हिशेब मांडून पाहू. १०० मिलिमीटर लांबीचा तापलेला टाका ८०० अंश सेल्सिअसने थंड झाला, तर तो मोकळा असता साधारण ०.९ मिलिमीटर आखडला असता. भोवतालचे गार बीड त्याला आखडू देत नाही. पोलाद अशा वेळी थोडे ताणले जाऊन निभावून नेते. बिडाजवळ ती सवलत नसल्यामुळे टाक्याची कड फाटते.

याच वेळी दुसरी एक अडचण उभी राहते. टाक्यालगतच्या पट्ट्यात ग्रॅफाइटमधला कर्ब तापलेल्या लोखंडात विरघळतो, आणि गार कास्टिंग (ओतीव भाग) ती उष्णता झपाट्याने ओढून घेत असल्यामुळे त्याला पुन्हा ग्रॅफाइट होऊन बाहेर पडायला सवड मिळत नाही. तिथे काचेसारखा ठिसूळ आणि इतका कडक थर तयार होतो, की त्यावर ड्रिल नुसते घासत राहते. साध्या रॉडचे लोखंडही बिडातला कर्ब शोषून तसेच कडक होते. निकेलचा रॉड वापरतात तो यासाठी. निकेल कर्बाला सहसा धरून ठेवत नाही. टाका गोठताना कर्ब ग्रॅफाइट होऊन सुटतो, जागा व्यापतो आणि आखडण्याची थोडीफार भरपाई करतो. हा रॉड महाग असतो, पण साध्या रॉडने दोनदा केलेले काम त्याहून महाग पडते.

काम सुरू करण्यापूर्वी चिरेची टोके सापडायला हवीत. भाग पुसून चिरेवर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसून वर खडूची पूड चोळावी; आत मुरलेले रॉकेल झिरपून बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर चिरेची ओलसर रेघ उमटते. ही रेघ डोळ्यांना आधी दिसलेल्या चिरेपेक्षा बहुधा लांब निघते. तिच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढे तीनेक मिलिमीटरचे भोक पाडले, म्हणजे टोकाशी एकवटलेला ताण भोकाच्या गोलाईवर पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही. जुन्या बिडात वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. रॉकेलसकट ते जाळून काढल्याशिवाय वेल्डिंग केले, तर टाक्यात बुडबुडे धरतात.

त्यानंतर दोन मार्ग उरतात. एक तर संपूर्ण भाग अंधारात मंद लाल दिसेपर्यंत, म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास, एकसारखा तापवावा, त्याच तापमानात काम उरकावे आणि भाग कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्यावा. (गुऱ्हाळाच्या गावात राखेची ददात नसते.) नाही तर भाग हात लावता येईल इतपतच तापू द्यावा, एका वेळी इंचभर टाका घालावा, तो गरम असतानाच हातोडीने हलके ठोकून पसरवावा आणि निवेपर्यंत थांबावे. टाका असा ठोकल्याने आखडण्याचा ताण उतरतो. घात होतो तो मधल्या वाटेने, जेव्हा गॅसची ज्योत एकाच बाजूला थोडा वेळ फिरवून काम गरम केल्याचे समाधान मानले जाते.

घरच्या वर्कशॉपसाठी माझा कौल बहुतेक वेळा पितळी ब्रेझिंगला असतो. त्यात बीड वितळत नाही, फक्त पितळ वितळते, आणि पितळ मऊ असल्यामुळे आखडताना स्वतःच थोडे ताणले जाते. टाकणखार (बोरॅक्स) फ्लक्स म्हणून, म्हणजे पितळ नीट धरावे म्हणून लावायची पूड म्हणून, चालतो. मात्र टाक्यासाठी चिरेवर कोरलेली खाच ग्राइंडरने घासली, तर ग्रॅफाइट पृष्ठभागावर सारवले जाते आणि पितळ त्याला धरत नाही. शेवटचा हात कानशीचाच असावा. पितळातल्या जस्ताचा पांढरा धूर अंगात ताप भरवतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. सायलेन्सरकडच्या तापत्या भागाला हा टाका लावू नये, कारण तिथे पितळाची ताकद टिकत नाही.

पाण्याच्या जॅकेटसाठी आगीशिवायही एक उपाय आहे. चिरेवर भोक पाडून आटे काढायचे, त्यात आटेदार पिन घट्ट बसवून वरचा भाग कापायचा, आणि पुढचे भोक पहिल्या पिनेचा थोडा भाग कापत जाईल असे पाडायचे. एकमेकींत अडकलेल्या पिनांची साखळी चीर बंद करते, आणि चिरेला आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या दोन्ही काठ धरून ठेवतात. कुठेच काही तापत नसल्यामुळे आखडण्याचा प्रश्नच येत नाही. ही पद्धत १९३० च्या दशकात टेक्सासच्या तेलक्षेत्रात वाढली, जिथे उघडी ज्योत पेटवणे धोक्याचे होते. काम वेळखाऊ आहे. पण ड्रिल, आटे पाडायचा टॅप आणि चिकाटी एवढ्यावर भागते.

फ्लायव्हीलला तडा गेला असेल, तर मात्र यातला एकही उपाय करू नये. फिरत्या चाकाच्या कडेवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर अडकून वेग दुप्पट झाला, तर ताण चौपट होतो आणि तो सगळा ओढीचा, म्हणजे बिडाला न झेपणाऱ्या जातीचा असतो. असे चाक भंगारात द्यावे. फाउंड्रीत ते पुन्हा वितळते, आणि रसाचे घटक जुळवून घेतले की त्याचे नवे कास्टिंग निघते.